व्होल्ट आणि अँपिअर हाती आहेत, आता ओहम आणि वॉट कसे काढायचे? खान्देशातल्या घर-शेतातले नेहमीचे प्रश्न

हे प्रश्न केळीच्या बागेत मोटार चालवणाऱ्यांचे आहेत, आयटीआयच्या मुलांचे आहेत, दहावीच्या पालकांचे आहेत आणि शेतात नुकतंच सौर पॅनेल उभं केलेल्यांचेही आहेत. गणित गुणाकार-भागाकाराच्या पुढं जात नाही. लोक अडतात ते कोणता आकडा कशाला लावायचा इथं. म्हणून तिथली उत्तरं लांबली आहेत. बाकी ठिकाणी एका ओळीत भागलं तर एकच ओळ लिहिली आहे.

मीटरवर व्होल्ट आणि अँपिअर दिसले. पुढं काय करायचं?

भागलं की ओहम, गुणलं की वॉट.

रोध (ओहम) = व्होल्ट ÷ अँपिअर
शक्ती (वॉट) = व्होल्ट × अँपिअर

समजा, घरची इस्त्री लावली. प्लगपाशी २२८ व्होल्ट आहेत आणि वायरीतून ४.३ अँपिअर जातात. २२८ ÷ ४.३ म्हणजे ५३ ओहम, हा तिच्या कॉइलचा रोध. २२८ × ४.३ म्हणजे ९८० वॉट. इस्त्रीवर १००० वॉट छापलेलं असेल तर घाबरायचं कारण नाही. तो आकडा २३० व्होल्टला धरलेला असतो आणि थोडाफार फरक कारखान्यातच राहतो.

एक अट मात्र पाळा. दोन्ही रीडिंग एकाच वेळी, वस्तू चालू असतानाच घ्यायची. सकाळी मोजलेले व्होल्ट आणि संध्याकाळी मोजलेले अँपिअर यांचा गुणाकार करून काही हाती लागत नाही, कारण आपल्याकडच्या फीडरवर सकाळ-संध्याकाळच्या व्होल्टेजमध्ये वीस-तीसचा फरक सहज पडतो.

सूत्रं किती पाठ करायची?

दोनच. बाकीची त्यांच्यातूनच निघतात.

पहिल्या सूत्रातले व्होल्ट दुसऱ्यात घातले की वॉट = अँपिअर × अँपिअर × ओहम. अँपिअर घातले की वॉट = व्होल्ट × व्होल्ट ÷ ओहम. इस्त्रीवर पडताळून पाहा: ४.३ × ४.३ × ५३ केलं तरी ९८० आणि २२८ × २२८ ÷ ५३ केलं तरी जवळपास ९८०.

यातलं अँपिअरच्या वर्गाचं सूत्र वहीत ठळक लिहून ठेवा. केबल तापणं, मोटार जळणं, डीपीवरचा (गावाच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) फ्यूज उडणं, या सगळ्यांच्या मागं तेच आहे. अँपिअर दुप्पट झाले तर उष्णता चौपट होते.

हा ओहम कोण?

गेओर्ग झिमोन ओहम हा जर्मन शाळामास्तर. कोलोनच्या शाळेत शिकवताना त्यानं तारांवर प्रयोग केले आणि १८२७ साली नियम पुस्तकात मांडला. त्याच्याच देशात सुरुवातीला कुणी फारशी दाद दिली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीनं १८४१ मध्ये कोप्ली पदक दिलं, तेव्हा त्याचं नाव झालं. तारेतली उष्णता अँपिअरच्या वर्गाप्रमाणं वाढते हे साधारण त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जेम्स जूलनं दाखवलं.

रीडिंग नेमकं कसं घ्यायचं?

व्होल्ट मोजताना मीटरच्या दोन पिना वस्तूच्या दोन टोकांना लावायच्या. अँपिअर मोजायला क्लॅम्प मीटर, म्हणजे आपला टाँग टेस्टर, सर्वांत बरा. वायर तोडावी लागत नाही. फक्त जबड्यात एकच वायर घ्यायची. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम घेतल्या तर मीटर शून्य दाखवतो, कारण जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. मोटार धडधड चालू आणि मीटर शून्य, अशी तक्रार आली की बहुतेक वेळा हेच कारण निघतं.

प्रवाह फार लहान असेल, उदाहरणार्थ एलईडी दिवा, तर तीच वायर जबड्यातून दहा वेळा गुंडाळा आणि येणाऱ्या आकड्याला दहानं भागा.

साध्या मल्टीमीटरचा अँपिअरचा सॉकेट बहुधा १० अँपिअरपर्यंतचाच असतो. तारा त्या सॉकेटात ठेवून चुकून व्होल्ट मोजायला गेलात तर थेट शॉर्ट होतं. ओहमच्या खुणेवर मीटर ठेवून चालू लाइनला तर कधीच लावू नका.

मल्टीमीटरनं ओहम थेट मोजता येतो. मग भागाकार कशाला?

कारण थंड वस्तूचा ओहम आणि चालू वस्तूचा ओहम एकच असेल असं नाही.

जुना १०० वॉटचा पिवळा बल्ब घ्या. २३० × २३० ÷ १०० म्हणजे ५२९ ओहम यायला हवेत. बल्ब हातात घेऊन मीटर लावला तर जेमतेम चाळीसच्या आसपास दाखवतो. बल्ब चांगलाच असतो. पेटल्यावर टंगस्टनची तार दोन-अडीच हजार अंशांवर जाते आणि तिचा रोध दहा-बारा पटींनी वाढतो. बल्ब बहुतेक वेळा बटण दाबतानाच का उडायचे, तेही यातूनच कळतं. पहिल्या क्षणी तार थंड असते आणि कितीतरी जास्त प्रवाह ओढते.

इस्त्री, गिझर, पाण्याचा रॉड यांच्यात नायक्रोमची तार असते. तिचा रोध तापल्यावर फार बदलत नाही, म्हणून तिथं थंड मोजणी चालून जाते. एलईडी, मोबाइलचा चार्जर, टीव्ही यांच्यावर ओहमची मोजणी करण्यात अर्थच नाही. आतलं सर्किट व्होल्टेजप्रमाणं आपला प्रवाह स्वतः बदलत असतं.

थंडीत व्होल्टेज १८० वर येतं, रॉडनं पाणी उशिरा तापतं. पण बिल तर कमी येत असेल ना?

नाही. बादली तापवायला लागणारी ऊर्जा तीच राहते, वेळ तेवढा वाढतो.

१५०० वॉटच्या रॉडचा रोध २३० × २३० ÷ १५०० म्हणजे सुमारे ३५.३ ओहम. १८० व्होल्टला त्यातून ५.१ अँपिअर जातात, म्हणजे सुमारे ९१८ वॉट. व्होल्टेज बावीस टक्के घटलं आणि ताकद जवळपास चाळीस टक्के घटली, कारण इथंही वर्ग आहे. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ४५ वर न्यायला पूर्ण व्होल्टेजला साडेसतरा मिनिटं लागतात, १८० ला साडेअठ्ठावीस. युनिट दोन्ही वेळा साधारण ०.४४. मधल्या वेळात बादलीतून हवेत उडणारी उष्णता धरली तर कमी व्होल्टेजचं बिल उलट थोडं जास्तच.

मग व्होल्टेज कमी असताना मोटार का जळते? रॉडसारखी तीही कमी ओढायला हवी.

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. "भाऊ, मोटार जयी गयी" (जळून गेली) म्हणत जो माणूस रिवाइंडिंगच्या दुकानात येतो, त्याच्या मनात बहुधा रॉडचंच गणित असतं: व्होल्टेज कमी, म्हणजे प्रवाह कमी, म्हणजे धोका कमी. ओहमचा नियम शिकलेला माणूससुद्धा इथं फसतो.

रॉडवर पाण्याची जबरदस्ती नसते. मिळेल तेवढ्या विजेवर तो तापतो. मोटारीवर मात्र विहिरीच्या खोलीची जबरदस्ती असते. पंपाला तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर फेकायचं असतं, म्हणून शाफ्टवरचं काम जवळपास कायम राहतं. काम तेच आणि व्होल्ट कमी, तर अँपिअर वाढवूनच ती ते पुरं करते.

आकड्यांत पाहू. ५ एचपी म्हणजे ५ × ७४६ = ३७३० वॉट शाफ्टवर. मोटारीची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर तारांतून सुमारे ४६६० वॉट आत जायला हवेत. थ्री फेज ४१५ व्होल्ट आणि पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला खऱ्या वॉटचा वाटा) ०.८ असताना त्याला ८.१ अँपिअर लागतात; थ्री फेजचं सूत्र पुढं दिलंय. फीडरच्या टोकाला व्होल्टेज ३४० वर आलं तर त्याच कामाला ९.९ अँपिअर. प्रवाह बावीस टक्के वाढला, पण वायंडिंगमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गानं, म्हणजे सुमारे दीडपट झाली. त्यात विहिरीतली पाणीपातळी उतरली आणि मोटारीभोवती पाणी कमी असलं, तर थंडावाही गेला.

अशा वेळी स्टार्टरचा रिले ट्रिप होतो. तो आपलं काम करत असतो. वैतागून रिलेचं सेटिंग नऊवरून बारावर नेणारे पुष्कळ आहेत. त्यांची मोटार त्या दिवशी चालते आणि पुढच्या पाळीला जळते. सेटिंग नेमप्लेटवरच्या अँपिअरलाच ठेवा. व्होल्टेज फार पडलं असेल तर पाणी थोडं उशिरा द्या. केळीचा घड एका रात्रीत सुकत नाही.

एक फेज गेला की कंडेन्सर टाकून दोन फेजवर मोटार चालवतात. त्यात नुकसान किती?

तेवढंच काम दोन तारांतून ओढलं तर ४६६० ÷ (४१५ × ०.८), म्हणजे १४ अँपिअर. आधी ८.१ होते. १४ भागिले ८.१ म्हणजे १.७३ आणि त्याचा वर्ग ३. म्हणजे ज्या वायंडिंगमधून हा प्रवाह जातो तिथं तिप्पट उष्णता. कंडेन्सरमुळं मोटार फिरायला लागते, पण हे गणित त्यानं फारसं हलत नाही. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवा. रिवाइंडिंगच्या एका खर्चात तो निघून जातो.

मोटारीच्या वायंडिंगचा ओहम मोजून अँपिअर काढता येतील का?

नाही. १ एचपीच्या सिंगल फेज मोटारीची रनिंग वायंडिंग अडीच ओहमच्या आसपास दाखवते असं धरू. २३० ÷ २.५ म्हणजे ९२ अँपिअर. प्रत्यक्षात ती सहा-सात अँपिअरवर चालते. फिरणारी मोटार आतून उलट व्होल्टेज तयार करते आणि कॉइलचा प्रतिबाधही प्रवाहाला अडवतो. मल्टीमीटरला यातलं काहीच दिसत नाही, त्याला फक्त तांब्याची तार दिसते.

मोटार जाम झाली किंवा नुकतीच चालू होत असली की उलट व्होल्टेज नसतं. म्हणून सुरुवातीला ती नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढते.

वायंडिंगचा ओहम मोजायचा तो तुलनेसाठी. थ्री फेज मोटारीच्या तिन्ही जोड्यांचं रीडिंग सारखं यायला हवं. एक कमी आली तर तिथं वेढे एकमेकांना भिडलेत, अनंत आली तर तार तुटली.

लाइट आली की डीपीवरचे फ्यूज लगेच उडतात. का?

सगळ्यांचे ऑटो स्विच, म्हणजे लाइट येताच मोटार आपोआप चालू करणारे. ६३ केव्हीएची डीपी ४३३ व्होल्टला सुमारे ८४ अँपिअर देऊ शकते. ५ एचपीच्या दहा मोटारी चालू असताना ८१ घेतात, म्हणजे डीपी काठोकाठ भरली. दहाही मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या तर सहापट, ४८० अँपिअरच्या पुढं. फ्यूज उडाला नाही तरी व्होल्टेज इतकं खाली बसतं की एकही मोटार नीट वेग घेत नाही आणि सगळ्या जास्त प्रवाहावर रेंगाळतात. ऑटो काढा, निदान शेजाऱ्यापाजाऱ्यांत ठरवून टायमरनं दोन-दोन मिनिटांचं अंतर ठेवा. गावातल्या जिभाऊंनी शब्द टाकला तर हे जमतं, पत्रक वाटून जमत नाही.

माझ्या १ एचपी मोटारीला २३० व्होल्ट आणि ६.५ अँपिअर. गुणाकार १४९५ येतो. मग एचपी ७४६ वॉटचा कसा?

यात दोन गळत्या आहेत. पहिली म्हणजे मोटारीची कार्यक्षमता. शाफ्टवर ७४६ वॉट द्यायला आत साधारण अकराशे जावे लागतात, उरलेले उष्णतेत आणि घर्षणात जातात. दुसरी पॉवर फॅक्टरची. एसीवर मोटारीचा व्होल्टेज आणि प्रवाह एकाच वेळी शिखरावर पोचत नाहीत, म्हणून त्यांचा नुसता गुणाकार हा व्होल्ट-अँपिअर असतो, वॉट नसतो. १४९५ ला ०.७३ नं गुणलं की सुमारे १०९० वॉट येतात.

घरगुती मीटर खऱ्या वॉटवरच युनिट मोजतो. पण केबलीतून आणि डीपीतून पूर्ण साडेसहा अँपिअर वाहतात, आणि तिथली उष्णता त्यावरच ठरते. शेतीपंपाला कपॅसिटर लावायचा आग्रह यासाठीच असतो. इस्त्री, रॉड, शेगडी यांचा पॉवर फॅक्टर १ असतो, तिथं सरळ गुणाकार चालतो. स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर आणि डीपी यांची मापं केव्हीएमध्ये लिहितात तीही याच कारणानं.

थ्री फेजला सूत्र काय?

वॉट = १.७३२ × दोन फेजांमधले व्होल्ट × एका तारेतले अँपिअर × पॉवर फॅक्टर. ४१५ व्होल्ट, ८ अँपिअर, ०.८ असतील तर सुमारे ४६०० वॉट. तिन्ही तारांचे अँपिअर वेगवेगळे मोजा. त्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर आधी त्याचं कारण शोधा, वॉट नंतर काढा.

विहीर मीटरपासून २०० मीटरवर आहे. केबल अडीचची घेऊ की चारची?

केबलचा रोध असा काढा: तांब्यासाठी ०.०१७२ × लांबी मीटरमध्ये ÷ जाडी चौरस मिलिमीटरमध्ये. ॲल्युमिनियमसाठी ०.०१७२ च्या जागी ०.०२८. सिंगल फेजला जाण्याची आणि येण्याची अशी दुप्पट लांबी धरायची, हे बरेच जण विसरतात.

अडीच चौरस मिलिमीटर: ०.०१७२ × ४०० ÷ २.५ = २.७५ ओहम. मोटार ७ अँपिअर घेत असेल तर वाटेत ७ × २.७५, म्हणजे सुमारे १९ व्होल्ट गळतात आणि ७ × ७ × २.७५, म्हणजे सुमारे १३५ वॉट जमिनीत गाडलेल्या केबलला तापवण्यात जातात. चारची घेतली तर १.७२ ओहम, १२ व्होल्ट, ८४ वॉट.

मीटरपाशी २३० असेल तेव्हा अडीचची केबलही चालते. पण उन्हाळ्यात मीटरपाशीच १९५ मिळत असतील तर मोटारीपर्यंत १७६ पोचतात, आणि मोटार जास्त अँपिअर मागू लागते म्हणून गळती आणखी वाढते. ठिबकची बारीक नळी फार लांब ओढली की शेवटच्या झाडाला थेंब कमी पडतो, तसंच हे. यावल-रावेर पट्ट्यात ज्यानं एकदा लॅटरलचा हिशेब केलाय त्याला केबलचा हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही. चारची घ्या. पाणीपातळी दरवर्षी खाली जाते आणि पुढं मोटार मोठी करावी लागतेच.

साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून राज्य सरकारच्या योजनेत मोफत वीज आहे, तेव्हा गेलेल्या वॉटचं काय, असं कुणी म्हणेल. वॉट सोडा, पण गळलेले व्होल्ट मोटार जाळतात आणि रिवाइंडिंगचे पैसे कुठलीच योजना देत नाही.

मे महिन्यातल्या उन्हानं यात फरक पडतो का?

पडतो. तांब्याचा रोध प्रत्येक अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. वरचे आकडे २० अंशांचे आहेत. भुसावळ-जळगावला पारा ४५ वर जातो तेव्हा नुसत्या उन्हात पडलेल्या केबलचा रोध दहा टक्के वाढलेला असतो, प्रवाहाची उष्णता वेगळीच. केबल ७० अंशांपर्यंत तापली तर वीस टक्के. म्हणून केबल जमिनीत पुरा किंवा निदान पाचटाखाली झाका. गुंडाळी करून उन्हात तर मुळीच ठेवू नका.

रिवाइंडिंगवाले मोटार न उघडता आतलं तापमान सांगतात. ते कसं?

तांब्याच्या याच सवयीवरून. मोटार रात्रभर थंड असताना वायंडिंगचा ओहम मोजून ठेवायचा. मग दोन तास चालवून बंद करायची आणि मेन स्विच काढून लगेच पुन्हा मोजायचा. सूत्र असं:

गरम तापमान = (गरम ओहम ÷ थंड ओहम) × (२३४.५ + थंड तापमान) − २३४.५

सकाळी ३० अंशांत २.०० ओहम होते आणि चालवल्यावर २.५० आले. १.२५ × २६४.५ − २३४.५ = ९६ अंश. बी वर्गाच्या इन्सुलेशनची मर्यादा १३० अंश असते, तेव्हा ही मोटार ठीक आहे. मोटार बाहेरून हाताला चटका देते म्हणून आतून जळतेय असं धरायचं नसतं. एवढ्या लहान ओहमसाठी मीटर मात्र दुसऱ्या दशांशापर्यंत खात्रीचा हवा, आणि आधी पिना एकमेकींना लावून त्यांचा स्वतःचा ओहम वजा करायचा.

ढिल्या स्क्रूनं एवढा फरक पडतो?

किटकॅटच्या (फ्यूजच्या खोक्याच्या) ढिल्या स्क्रूपाशी ०.३ ओहम असेल आणि १५ अँपिअर जात असतील तर १५ × १५ × ०.३ = ६७ वॉट. दिसायला फक्त साडेचार व्होल्ट गेले, पण ६७ वॉट नखाएवढ्या जागेत जमले. बॅकेलाइट काळं पडतं ते यामुळं. वर्षातून एकदा मेन बंद करून सगळे स्क्रू आवळा.

सौर पॅनेलच्या मागं ४९.५ व्होल्ट आणि १३.९ अँपिअर लिहिलंय. गुणाकार ६८८, पण पॅनेल ५४० वॉटचं म्हणून विकलं. फसवलं का?

फसवलं नाही. ४९.५ हे तारा मोकळ्या असतानाचे व्होल्ट, तेव्हा प्रवाह शून्य असतो. १३.९ हे तारा शॉर्ट केल्यावरचे अँपिअर, तेव्हा व्होल्ट शून्य. या दोन अवस्था एकाच वेळी नसतात, म्हणून त्यांच्या गुणाकाराला काही अर्थ नाही. त्याच स्टिकरवर जास्तीत जास्त शक्तीचे व्होल्ट आणि अँपिअर वेगळे दिलेले असतात, साधारण ४१.६ आणि १३. गुणा, ५४० येतील.

तेही पॅनेलची काच आणि सेल २५ अंशांवर असताना. आपल्याकडं दुपारी सेल ६५ अंशांवर जातो. प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के घट धरली तर चाळीस अंशांना १४ टक्के, म्हणजे ५४० चे ४६५ च्या आसपास. धूळ वेगळी. धुळे-साक्रीच्या उघड्या माळावर ऊन भरपूर म्हणून सौर प्रकल्प उभे राहिले हे खरं, पण पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. थंडीतल्या स्वच्छ दुपारी मीटर पाहा, मे महिन्यापेक्षा चांगले वॉट दिसतील.

अर्थिंगला ओहमचं गणित कसं लावायचं?

मोटारीच्या बॉडीला फेज चिकटला आणि अर्थिंगच्या वाटेचा रोध २० ओहम असला तर २३० ÷ २० = ११.५ अँपिअर जमिनीत जातात. १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच) यानं पडत नाही. तो निवांत चालू राहतो, २६४५ वॉट मातीत मुरतात आणि बॉडीला हात लावणाऱ्याची वाट पाहिली जाते.

तापीकाठची काळी माती ओली असताना अर्थिंगला उत्तम. तीच उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते आणि रोध कितीतरी वाढतो. खड्ड्यात पाणी घालत राहा.

आता माणसाचं पाहा. ओल्या हाता-पायांनी शरीराचा रोध हजार ओहमपर्यंत उतरतो असं धरलं तर २३० ÷ १००० = ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. जीव जायला याच्या निम्म्याहून कमी पुरतात. घरगुती आरसीसीबी (जमिनीत गळणारा प्रवाह ओळखणारा स्विच) ३० मिलिअँपिअरला तुटतो तो म्हणूनच. एमसीबी वायरीला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. घरात दोन्ही हवेत. बॉडीला झिणझिण्या येत असतील तर मीटर शोधत बसू नका, आधी मेन काढा आणि वायरमनला बोलवा.

दहावीचा प्रश्न: ६० आणि १०० वॉटचे बल्ब एकसर जोडले तर जास्त उजेड कोणाचा?

६० चा. त्याचा रोध ८८२ ओहम, १०० वाल्याचा ५२९. एकसर जोडणीत प्रवाह दोघांतून सारखाच: २३० ÷ १४११ = ०.१६३ अँपिअर. वर्ग करून रोधानं गुणलं की ६० वाल्याला २३ वॉट, १०० वाल्याला १४. उत्तर लिहिताना "रोध कायम मानला" हे लिहायला विसरू नका.

दीपनगरची वीज एवढ्या उंच मनोऱ्यांवरून का नेतात?

भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात ५०० मेगावॉटचे संच आहेत. एका संचाची वीज ४०० केव्हीवर नेली तर प्रत्येक तारेत सुमारे ७२२ अँपिअर. तीच ४१५ व्होल्टवर न्यायची म्हटली तर जवळपास सात लाख अँपिअर, आणि गळती त्याच्या वर्गानं. भुसावळ स्टेशनातलं रेल्वेचं इंजिनही असंच. ६००० एचपी म्हणजे सुमारे ४४७६ किलोवॉट, आणि वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असल्यामुळं बाकी नुकसान सोडून १८० अँपिअरमध्ये भागतं.

वॉटवरून युनिट?

वॉट × तास ÷ १०००. वरची ५ एचपी मोटार आठ तास चालली तर ४.६६ × ८, म्हणजे सुमारे ३७ युनिट.

बॅटरीच्या फवारणी पंपाला हेच गणित चालतं?

डीसी असल्यामुळं उलट जास्त सरळ. १२ व्होल्ट आणि २.५ अँपिअर म्हणजे ३० वॉट. बॅटरी १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची असेल तर ८ ÷ २.५, कागदावर सव्वातीन तास. जुन्या बॅटरीला अडीच मिळाले तरी चांगलं समजा. कपाशीत फवारायला निघण्याआधी भार लावून व्होल्ट पाहा. पंप चालू केल्यावर १२.५ चे झटकन ११ च्या खाली आले तर बॅटरीचा आतला रोध वाढलाय, रात्रभर चार्ज करून तो जाणार नाही.

मीटर कोणता घ्यावा?

शेतासाठी क्लॅम्प मीटर, एसी ४०० अँपिअरपर्यंतचा, व्होल्ट आणि ओहम मोजणारा. सौर पंप असेल तर डीसी अँपिअर मोजणाराच घ्या. स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात आणि पॅनेलच्या तारेला लावले की शून्य दाखवतात. पिनांवर सीएटी ३ (सुरक्षिततेचा वर्ग), ६०० व्होल्ट असं छापलेलं असावं. आयटीआयच्या मुलानं आधी साधा मल्टीमीटर घ्यावा आणि फ्यूज दोन जास्तीचे आणून ठेवावेत.